अठ्ठावीस चिठ्ठ्या



आज जरा वेगळा विषय घेते. टेनिस. तुम्ही म्हणाल, मेहरूणच्या प्राथमिक शाळेचा आणि टेनिसचा काय संबंध? खरंय. आमच्या पोरांचं मैदान म्हणजे तलावाच्या बाजूची मोकळी जागा, खेळ म्हणजे कबड्डी, नाहीतर प्लॅस्टिकच्या बॉलचं क्रिकेट. थंडीत मेहरूणच्या बोरांचे दिवस आले की तेही बंद, सगळी फौज बोरांमागे. टेनिसचं कोर्ट वर्गातल्या एकाही मुलाने प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. तरी २०२३ च्या जानेवारीत आमच्या पाचवीच्या वर्गाने पुण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अशी काही पाठ केली की विचारू नका. तो उपक्रम कसा केला आणि त्यातून काय निघालं, ते सांगते. तुमच्या वर्गात करून बघा.

आधी स्पर्धेबद्दल. चेन्नईला वर्षानुवर्षं होणारी पुरुषांची एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यात आली आणि टाटा ओपन महाराष्ट्र झाली. जागा म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल, तेच जे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभं राहिलं. ही ‘२५०’ गटातली स्पर्धा, म्हणजे जिंकणाऱ्याला क्रमवारीचे २५० गुण. विम्बल्डनसारख्या ग्रँड स्लॅमला २००० मिळतात, त्यावरून अंदाज करा. दौऱ्यातली ही खालची पायरी. पण दक्षिण आशियात त्या पायरीची तेवढी एकच स्पर्धा होती आणि ती आपल्या राज्यात होती.

आता ड्रॉ. एकेरीत २८ खेळाडू. बाद पद्धत, हरला की बाहेर. मी फळ्यावर विचारलं, एकूण सामने किती होतील? कोणी १४ म्हणालं, कोणी ५६. एक जण बोटं मोडत बसला. मग आम्ही मांडलं: वरच्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत बाय. उरले २४, त्यांचे १२ सामने. जिंकलेले १२ आणि बायवाले ४ मिळून १६. मग ८ सामने, मग ४, मग २, मग १. बेरीज २७. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, एवढं कशाला मांडायचं भो! प्रत्येक मॅचला एक जण बाहेर. सत्तावीस बाहेर काढले की एक उरला!” हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं आणि आठवडाभर पुसलं नाही. गणिताच्या पुस्तकात हे उदाहरण नाही, पण असायला पाहिजे.

वर्तमानपत्रात त्या एकाचा फोटो येतो. मला सत्तावीस पाहिजे होते. म्हणून चिठ्ठ्या केल्या.

३१ डिसेंबर, शनिवारची सकाळची शाळा. अठ्ठावीस चिठ्ठ्या डब्यात. वर्गात पोरं ३१, म्हणून तिघं झाले ‘पंच’. त्यांचं काम रोज सकाळी माझ्या मोबाइलवरचा स्कोअर बघून तक्त्यावर भरायचं. बाकी प्रत्येकाला एक खेळाडू. तो कुठल्या देशाचा ते नकाशात शोधायचं, वय लिहायचं, क्रमवारी लिहायची आणि तो स्पर्धेतून बाहेर पडेपर्यंत त्याचा माग ठेवायचा. बाहेर पडला की वहीत चार ओळी: कोणाकडून हरला, कितीव्या फेरीत, किती गुण घेऊन गेला. नुसतं ‘हरला’ लिहिलेलं चालणार नाही, हा एकच नियम.

चार चिठ्ठ्यांवर नावच नव्हतं. ‘पात्रता फेरीतून येणारा’ एवढंच. त्या दिवशी पुण्यात पात्रता फेरी सुरूच होती. ज्यांना त्या चिठ्ठ्या आल्या त्यांची तोंडं पडली. एक मुलगी तर म्हणाली, “मॅडम, माझ्यात कोणी नाहीच.” आणि एका मुलीला आला मारिन चिलिच. क्रोएशियाचा, २०१४ चा अमेरिकन ओपन विजेता, स्पर्धेतला पहिला मानांकित. तिचा रुबाब बघायला पाहिजे होता. टॅलन ग्रीकस्पूर नावाचा नेदरलँड्सचा खेळाडू ज्याला आला, त्याला ते नाव उच्चारताच येईना. त्याने ‘ग्रीकपूर’ केलं. आपल्याकडे भरपूर पूर आहेत, त्यातलंच एक.

पण सगळ्यांचा जीव अडकला मानस धामणेमध्ये. पुण्याचा मुलगा, वाइल्ड कार्डवर आलेला. वय बघितलं तर पंधरा! आमच्या काही पोरांचे मोठे भाऊ त्या वयाचे. इटलीत रिकार्डो पियात्तींच्या अकादमीत सराव करणारा हा मुलगा २ जानेवारीला अमेरिकेच्या मायकल मोहसमोर उतरला. वर्गाचा निकाल ठरलेलाच होता, मानस जिंकणार. दुसऱ्या दिवशी पंचांनी तक्त्यावर लिहिलं: २-६, ४-६.

ज्याची चिठ्ठी होती तो मुलगा गप्प. थोड्या वेळाने म्हणाला, “मंग काय लिहू? पहिल्याच फेरीत गेला, शून्य गुण.” मी म्हटलं, आकडे वाच. पहिल्या सेटमध्ये किती गेम घेतले? दोन. दुसऱ्यात? चार. समोरचा किती मोठा? जवळजवळ दहा वर्षांनी. त्याने हे सगळं लिहिलं आणि खाली स्वतःच्या मनाने एक ओळ घातली: ‘दुसऱ्या सेटमध्ये डबल खेळला.’ दोनाचे चार, म्हणून डबल. हिशोब बरोबर होता.

इथे मला जरा थांबायचंय. हरलेल्या मुलाला आपण शिक्षक काय सांगतो? ‘हरकत नाही’, ‘पुढच्या वेळी नक्की’, ‘सहभाग महत्त्वाचा’. पोरं हुशार असतात. हे वाक्य आपण फक्त हरलेल्यांनाच सांगतो हे त्यांच्या लक्षात येतं. जिंकलेल्याला कोणी ‘सहभाग महत्त्वाचा’ म्हणत नाही. टेनिसच्या क्रमवारीत अशी गोड वाक्यं नाहीत. तिथे हरण्यालाही आकडा आहे आणि तो आकडा प्रत्येकाचा वेगळा आहे.

तेव्हाचे गुण असे होते. विजेता २५०, उपविजेता १५०, उपांत्य फेरीत हरलेला ९०, उपांत्यपूर्वमध्ये हरलेला ४५, दुसऱ्या फेरीत २०, पहिल्या फेरीत शून्य. आम्ही फळ्यावर वाटणी केली. उपांत्यमधले दोघं मिळून १८० आणि उपांत्यपूर्वमधले चौघं मिळूनही १८०, हे पोरांना भारी वाटलं.

पण खरी गंमत नियमाच्या पोटात आहे. पात्रता फेरीतून आलेला खेळाडू मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात हरला तरी त्याच्या खात्यावर तेव्हा पात्रतेचे १२ गुण राहायचे. थेट प्रवेश मिळालेला तिथेच हरला तर शून्य. आणि बाय मिळालेला मोठा खेळाडू आपला पहिलाच सामना हरला तर? तो कागदावर दुसऱ्या फेरीत असतो, पण त्यालाही शून्यच. न खेळता मिळालेल्या फेरीचे गुण नाहीत! हा नियम सांगितला तेव्हा त्या चार बिननावाच्या चिठ्ठ्यांचा भाव एकदम वाढला. “आमचे बारा पक्के!” सकाळी ‘माझ्यात कोणी नाहीच’ म्हणणारी मुलगी हे ‘बारा’ दिवसभर घोकत होती. (टेनिसची १५, ३०, ४० ही मोजणी मात्र मी शिकवायला गेले आणि सोडून दिली. ४० का, ४५ का नाही, याचं पोरांना पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.)

गुरुवार-शुक्रवारपर्यंत वर्गातल्या बहुतेक चिठ्ठ्या ‘बाहेर’ गेल्या. भारताचा सुमित नागल क्राजिनोविचशी तीन सेट झुंजून पहिल्या फेरीत गेला. त्याची चिठ्ठी असलेला मुलगा म्हणाला, मानसपेक्षा चांगला खेळला तरी शून्यच? हो, शून्यच. तिथे तो बराच वेळ अडून राहिला. अन्याय वाटला त्याला. मी समजूत घातली नाही. अन्याय वाटतो तर वहीत तसं लिही म्हटलं. लिहिलं त्याने.

आणि चिलिच! त्याने एक सामना जिंकला आणि उपांत्यपूर्व फेरीत त्याची गाठ ग्रीकस्पूरशी होती. सामना झालाच नाही. गुडघा दुखावल्यामुळे चिलिचने माघार घेतली. चिलिचवाली मुलगी रडवेली होऊन आली, “मॅडम, तो हरला नाही ना?” पंचांची पंचाईत. तक्त्यात दोनच रकाने होते, जिंकला आणि हरला. तिघांनी बराच खल केला आणि तिसरा रकाना आखला: ‘आजारी रजा’. शाळेच्या हजेरीपटावरून उचललेला शब्द. मला इतका आवडला की अजून तोच वापरते. ग्रीकस्पूरवाल्याला मात्र पेच पडला होता: न खेळता पुढे गेलो, याचा आनंद करायचा की नाही?

शनिवारी, ७ जानेवारीला अंतिम सामना झाला. ग्रीकस्पूरने फ्रान्सच्या बेंजामिन बोन्झीला ४-६, ७-५, ६-३ असं हरवलं. पहिला सेट हरून. त्याचं हे पहिलंच एटीपी विजेतेपद. २०२१ मध्ये याच माणसाने एका वर्षात आठ चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या होत्या. चॅलेंजर म्हणजे एटीपी दौऱ्याच्या खालची पातळी. आपल्या भाषेत, जिल्ह्याला निवड व्हायच्या आधी आठ तालुके जिंकलेला. ‘ग्रीकपूर’ सोमवारी वर्गात मिरवला. पण खरं सांगते, त्या दिवशी जास्त गर्दी होती ती हरलेल्यांच्या वह्या बघायला. सत्तावीस वह्या, सत्तावीस वेगळ्या हारी.

हे सगळं मला उन्हाळ्यानंतर उपयोगी पडलं. आमच्याकडे पाचवीला नवोदयची परीक्षा. तुम्हाला सांगायला नको, जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयात सहावीसाठी ८० जागा आणि बसणारी मुलं हजारोंनी. यादी लागते. नाव आहे किंवा नाही. पात्रतेचे बारा तिथे नाहीत. आमच्या वर्गातल्या एका मुलाचं नाव नव्हतं. वडील एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात. रात्रपाळी करून सकाळी तसेच शाळेत आले. म्हणाले, “मॅडम, क्लास लावला, पुस्तकं आणली. वर्ष वायाच गेलं ना पोराचं?” मुलगा शेजारी उभा, मान खाली.

काय उत्तर देणार? ‘हरकत नाही’ म्हणू? त्या माणसाने ओव्हरटाइम करून क्लासची फी भरली होती. हरकत होतीच.

मी कपाटातून त्याच्या सराव चाचण्यांची फाइल काढली. जानेवारीत अपूर्णांकाच्या दहा उदाहरणांत चार बरोबर, एप्रिलमध्ये आठ. उतारा वाचनात आधी वेळ पुरायचा नाही, शेवटच्या तीन चाचण्यांत पूर्ण पेपर सोडवलेला. वडिलांपुढे पानं ठेवली आणि म्हटलं, दादा, यादीत नाव नाही हे खरं आहे. पण हे त्याच्या खात्यावर आहे आणि सहावीत हे कामी येणार आहे. वडील पानं बघत राहिले. त्यांना तारखा वाचायच्या होत्या, चष्मा आणला नव्हता. मुलाने वाचून दाखवल्या. एक एक तारीख आणि पुढे किती बरोबर ते. वाचता वाचता त्याची मान वर आली. वडील जाताना ‘बरं’ एवढंच म्हणाले. समाधान झालं की नाही, मी सांगू शकत नाही.

तेव्हापासून मी एक केलं. कुठलीही परीक्षा वा स्पर्धा असो, निवड न झालेल्या प्रत्येक मुलाच्या फाइलला एक पान लावते. त्यावर फेरी, समोर कोण होतं आणि काय घेऊन परत आला. कबड्डीत केंद्रावर हरलेल्या संघाचंही पान असतं. वेळ जातो, खोटं कशाला बोलू. शिवाय हे पान कुठल्याच ऑनलाइन माहितीत भरायचं नसतं, त्यामुळे कोणी मागतही नाही.

गुणांचा आणखी एक कंगोरा मी पुढच्या वर्षीच्या वर्गाला शिकवला, तो तुम्हालाही आवडेल. टेनिसचे गुण कायमचे नसतात, ५२ आठवड्यांनी गळतात. पुण्याचा पहिला विजेता, २०१८ चा, फ्रान्सचा जिल सिमॉन. एकेकाळी जगात सहावा, पुण्यात आला तेव्हा तेहतीस वर्षांचा आणि पहिल्या पन्नासातही नव्हता. त्याने उपांत्य फेरीत चिलिचला आणि अंतिम फेरीत केविन अँडरसनला हरवलं. २५० गुण. २०१९ ला तो परत आला, उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि या वेळी अँडरसनकडून हरला. मिळाले ९०. मागचे २५० गळले. म्हणजे चांगला खेळूनही या एका स्पर्धेच्या हिशोबात १६० ने खाली. आणि अँडरसन? त्या मधल्या वर्षात तो विम्बल्डनची अंतिम फेरी खेळून आला होता, तीही जॉन इस्नरशी साडेसहा तासांहून जास्त चाललेला उपांत्य सामना जिंकून. २०१९ ला पुण्याचं विजेतेपद त्याने घेतलं, पण कसं! समोर ३९ वर्षांचा इवो कार्लोविच, उंची २११ सेंटिमीटर. तिन्ही सेट टायब्रेकला: ७-६, ६-७, ७-६. कार्लोविच हरला. चाळिशीला टेकलेला माणूस दोन गुणांच्या फरकाने हरला, त्या हारीचं पान केवढं मोठं लागेल!

२०२० ला चेक प्रजासत्ताकचा यिरी वेसेली उपांत्यपूर्व आणि उपांत्य, दोन्ही सामन्यांत पराभवाच्या एका गुणावरून परत आला आणि जिंकला. २०२१ ला कोरोनामुळे स्पर्धाच नाही. २०२२ चा अंतिम सामना पोर्तुगालच्या जोआओ सौसाने जिंकला तो दिवस ६ फेब्रुवारी. लतादीदी गेल्या तो रविवार. त्या दिवशी आपल्यापैकी कोणाचं लक्ष टेनिसकडे असणार? त्याच स्पर्धेत रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावून दुहेरी जिंकली. बोपण्णा कोडगूचा, पण लहान वयात पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे शिकायला आलेला. पुढे २०२४ ला ४३ व्या वर्षी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली आणि दुहेरीत जगात पहिला झाला.

आता तुम्ही म्हणाल, बघा, शेवटी सगळे जिंकतातच. नाही. तसं मुलांना सांगू नका, कृपा करून. त्या २८ पैकी बहुतेक नावं तुम्हाला पुढे कुठे दिसणार नाहीत. काहींचं खेळणं थांबलं, काही अजून छोट्या गावांतल्या छोट्या स्पर्धांत गुण जमवतायत. नागल पुण्यात पहिल्या फेरीत गेला आणि वर्षभराने, जानेवारी २०२४ मध्ये, पात्रता फेरीतून येऊन ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवून गेला. त्याच वर्षी क्रमवारीत ६८ पर्यंत चढला. चिलिच गुडघ्याच्या शस्त्रक्रियांमधून परतला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमधल्या हांगझूची स्पर्धा जिंकला, तेव्हा त्याचा क्रमांक होता ७७७. एटीपी स्पर्धा जिंकणारा इतक्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू त्याआधी झाला नव्हता. हे दोघं तक्त्यावर घेतले, पण शेजारी बाकीची नावंही तशीच ठेवली. मुलांनी दोन्ही बघावं.

स्पर्धा मात्र गेली. २०२३ ची पुण्यातली शेवटची. २०२४ पासून ते आठवडे हाँगकाँगला. पोरांनी नकाशात हाँगकाँग शोधलं आणि जळगावहून किती लांब ते पट्टीने मोजलं. पुणंच त्यांना लांब होतं. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये रात्र काढावी लागते, तरी ‘आपल्या महाराष्ट्रात’ हे दोन शब्द फळ्यावर लिहिताना बरं वाटायचं. ते गेलं याचं मला वाईट वाटतं.

बालेवाडीत आता चॅलेंजर होते, फेब्रुवारीत. वर्तमानपत्रात कोपऱ्यात बातमी येते. २०२४ ला ती मोनॅकोच्या वालेंतिन वाशेरोने जिंकली, शेवटचे दोन्ही सेट टायब्रेकमध्ये घेऊन. नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये हाच वाशेरो, क्रमांक २०४, शांघायच्या मोठ्या मास्टर्स स्पर्धेत पात्रता फेरीतून शिरला, उपांत्य फेरीत जोकोविचला आणि अंतिम फेरीत स्वतःच्याच मावसभावाला हरवून जिंकला.

तर यंदा मी चॅलेंजर घेणार आहे. मुख्य फेरीत ३२ खेळाडू, बाय कोणालाच नाही, म्हणजे ३१ सामने. तक्त्यावर या वेळी तीन रकाने सुरुवातीपासून. वर्गात पोरं ३४ आहेत. जादा दोघांनी काय करायचं ते पोरंच ठरवतील.